मनामात मुक्काम, बहरीनभर भटकंती: एकेका दिवसाच्या सहली कशा आखाव्यात

आई-बाबा पहिल्यांदा बहरीनला आले तेव्हा मी एका दिवसात त्यांना सात ठिकाणं दाखवायचा घाट घातला होता. देश केवढा, तर मुख्य बेट उत्तर-दक्षिण जेमतेम ५० किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम फार तर १५-१८. पुण्याहून लोणावळ्याला जाऊन यायला जेवढं अंतर लागतं, त्याच्या आत इथे सगळा देश संपतो. मग सात ठिकाणं म्हणजे काय मोठंसं? प्रत्यक्षात दोन ठिकाणी कुलूप होतं, एका ठिकाणी अंधार पडला, आणि दुपारी दोनला वाळवंटात बाबा गाडीतून उतरेनात. घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, "तुला देश दाखवायचा होता की गाडी?"

त्यानंतर कितीतरी पाहुणे येऊन गेले. सासरचे, माहेरचे, मित्र, मित्रांचे मित्र. त्या सगळ्यांना फिरवताना एक गोष्ट पक्की झाली. या बेटावर अंतर कधीच आड येत नाही. आड येतो तो सूर्य, वार, नमाजाची वेळ, भरती-ओहोटी आणि गुरुवारची संध्याकाळ. म्हणून आखणी घड्याळावरून करायची आणि एका दिवशी एकच दिशा धरायची. पुढचं सगळं त्याचाच विस्तार आहे.

आधी नकाशा डोक्यात बसवा

मनामा मुख्य बेटाच्या ईशान्य टोकाला आहे. तिच्या पूर्वेला, पूल ओलांडला की मुहर्रक हे वेगळं बेट. विमानतळ तिथेच आहे आणि मनामाच्या आधी राजधानीही तिथेच होती. मनामाच्या पश्चिमेला उत्तर किनाऱ्याने गेलं की सहा-सात किलोमीटरवर कलात अल-बहरीन हा किल्ला, पुढे बारबार आणि बुदय्या. नैर्ऋत्येला आली आणि सार, म्हणजे दफनाच्या टेकाडांचा मुलूख. पश्चिम किनाऱ्यावरून सौदीला जाणारा पूल निघतो. आणि सरळ दक्षिणेला रिफा, अवाली, तेलविहिरी, साखीरचा रेसट्रॅक आणि सगळ्यात लांब, मनामापासून सुमारे ४० किलोमीटरवर, ते वाळवंटातलं एकटं 'जीवनाचं झाड'.

म्हणजे जमिनीवरच्या तीन दिशा झाल्या: पूर्व, वायव्य-पश्चिम, दक्षिण. चौथी समुद्राची. पाहुण्यांकडे जितके दिवस, तितक्या दिशा. तीनच दिवस असतील तर मी समुद्र गाळते. दोनच असतील तर दक्षिणही गाळते, आणि याबद्दल माझे अनेकांशी वाद झाले आहेत. "झाड नाही बघितलं?" असं विचारणारे खूप भेटतात. भेटू देत.

मग सूर्य

नोव्हेंबर ते मार्च हा फिरण्याचा काळ. डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी स्वेटर लागतो, आणि कधी सकाळी इतकं दाट धुकं पडतं की दक्षिणेकडच्या रस्त्यावर समोरची गाडी दिसत नाही. मे ते सप्टेंबर पारा चाळिशीपार जातो. पण खरा घाम काढते ती दमट हवा. मुंबईच्या मे महिन्याची सवय असलेल्यांनीही फुशारकी मारू नये.

बहुतेकांच्या ध्यानात न येणारी गोष्ट म्हणजे सूर्यास्त. इथलं घड्याळ भारताच्या अडीच तास मागे असतं आणि डिसेंबरात सूर्य पावणेपाचच्या सुमाराला मावळतो. आपण 'पाच वाजता किल्ल्यावर जाऊ' म्हणतो आणि पोचतो तेव्हा दिवे लागलेले असतात. म्हणून हिवाळ्यात बाहेरची ठिकाणं सकाळी आठ ते चार या वेळेत बसवा. उन्हाळ्यात नेमकं उलट: पहाटे पावणेपाचला उजाडतं, त्यामुळे सहा ते साडेआठ बाहेर, मग दुपारभर संग्रहालय, मॉल किंवा सरळ झोप, आणि साडेपाचनंतर पुन्हा बाहेर. उन्हाळ्यात एका दिवसात दोनच ठिकाणं. तिसरं आखलंत तर ते बघायला पाहुणे नसतील, त्यांची सावली असेल.

वार आणि बंद दरवाजे

इथली साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारची. शुक्रवारी सकाळी शहर ओस पडलेलं असतं. दुपारच्या नमाजापर्यंत बहुतेक दुकानं बंद, रस्ते मोकळे. दक्षिणेला गाडी न्यायला याहून चांगली वेळ नाही. पण मनामाच्या जुफैर भागातली अल-फातेह मोठी मशीद शुक्रवारी पर्यटकांना बंद असते, त्यामुळे ती इतर दिवशी, दोन नमाजांच्या मधल्या वेळेत बघायची. आत सुमारे ७,००० माणसं मावतात. वरचा घुमट काचतंतूंचा आहे, वजन ६० टनांहून जास्त. बायकांना दारातच अबाया आणि ओढणी मिळते, आणि माहिती सांगायला माणूसही मिळतो. पाऊण तासाचं काम आहे. कुठल्याही दिवसाच्या सुरुवातीला बसतं.

गुरुवारी संध्याकाळी सौदीहून पुलावरून गाड्यांचा लोंढा येतो. त्या वेळी पश्चिमेकडून शहरात शिरायचा बेत करू नका. शनिवारी रात्री तोच लोंढा परत निघतो.

मनामाचा जुना बाजार दुपारी एकच्या सुमाराला झोपतो आणि चारनंतर जागा होतो. संग्रहालयं आणि जुनी घरं यांचा आठवड्यातला एक दिवस बंदचा असतो, तो प्रत्येकाचा निराळा, आणि अधूनमधून बदलतोही. म्हणून आदल्या संध्याकाळी फोन करून किंवा नेटवर बघून खात्री करा. माझी ती दोन कुलपं याच चुकीची होती.

रमजानात दिवसा उघड्यावर खाणं-पिणं टाळायचं, पाण्याची बाटलीसुद्धा गाडीतच ठेवायची. वेळापत्रकं बदलतात, दुपार सुन्न असते, पण रात्री मुहर्रकला जी जाग येते ती वर्षभरात दुसऱ्या कुठल्या महिन्यात दिसत नाही. मोहर्रमच्या नवव्या-दहाव्या दिवशी जुन्या मनामात मोठ्या मिरवणुका निघतात आणि रस्ते बंद होतात. त्या दिवशी बाजाराचा बेत ठेवू नये.

गाडी, टॅक्सी, बस

लाल रंगाच्या सरकारी बस स्वच्छ, थंडगार आणि स्वस्त आहेत. एका फेरीचं भाडं दिनारच्या एखाद्या तुकड्यातच भागतं. (एका दिनारचे १,००० फिल्स. आणि एक दिनार म्हणजे दोनशेहून जास्त रुपये, त्यामुळे "फक्त तीन दिनार" ऐकून भुलू नका.) मनामा, मुहर्रक आणि इसा टाउन या मोठ्या थांब्यांमधली ये-जा बसने आरामात होते. दक्षिणेच्या वाळवंटात मात्र बसचा उपयोग नाही.

टॅक्सी मोबाइलवरून बोलावता येते. जाताना ती सहज मिळते. परतीची मिळेलच असं दक्षिणेत समजू नका. तिथे जायचं तर टॅक्सी थांबवून ठेवायचं भाडं आधी ठरवा, नाहीतर भाड्याची गाडी घ्या. ती एका दिवसासाठीही मिळते, पाहुण्या चालकाला आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, तो भारतातून निघतानाच काढून आणायचा. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, म्हणजे चालक डावीकडे. पहिल्या चौकात हात आपोआप चुकीकडे जातो, म्हणून पहिला अर्धा तास शुक्रवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर घालवा. वेग टिपणारे कॅमेरे जागोजागी आहेत.

पूर्व: संग्रहालय आणि मुहर्रक, पूर्ण दिवस

पहिला दिवस इथेच द्या. सकाळी नऊला मनामाचं राष्ट्रीय संग्रहालय. ते १९८८ साली उघडलं आणि मुहर्रकच्या पुलाच्या तोंडाशीच आहे. आधी संग्रहालय का, तर बाहेर नंतर दिसणारी मातीची टेकाडं इथे उलगडतात. एक अख्खं दफन-टेकाड आत आणून मांडलेलं आहे. दिलमुन या इथल्या प्राचीन संस्कृतीच्या गोल मुद्रा आहेत. आपल्या सिंधू संस्कृतीशी दिलमुनचा व्यापार होता, सिंधूची वजनंही इथल्या उत्खननात मिळाली आहेत. मेसोपोटेमियाच्या लेखांत ज्याला 'मेलुह्हा' म्हटलंय तो प्रदेश म्हणजे सिंधूचं खोरं असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि तिथून लाकूड, मणी घेऊन निघालेल्या गलबतांचा मधला थांबा म्हणजे हे बेट. दोन तास ठेवा, त्याहून जास्त नको. पुढे चालायचं आहे.

मग पूल ओलांडून मुहर्रक. तिथला 'मोत्यांचा मार्ग' २०१२ साली युनेस्कोच्या यादीत गेला: साडेतीन किलोमीटरची वाट, १७ वास्तू, समुद्रातले तीन शिंपल्यांचे फड आणि टोकाला बू माहिर हा छोटा किल्ला. वाट शोधायला नकाशा लागत नाही. गल्ल्यांमध्ये जे खांब उभे आहेत त्यांच्या डोक्यावर मोत्यासारखे पांढरे गोल दिवे आहेत. एका मोत्यावरून पुढच्या मोत्यावर नजर टाकत चालायचं.

इथे माझी पावलं हळू होतात, आणि मराठी माणसाची का व्हावीत ते सांगते. आपल्याकडे नथीत, तन्मण्यात जे 'बसऱ्याचे मोती' म्हणून मिरवले जातात ते आखातातल्या समुद्रातले. नाव बाजारपेठेवरून पडलं. शिंपल्यांचे सगळ्यात समृद्ध फड बहरीनभोवती होते. आणि माल कुठे जायचा, तर बऱ्याच अंशी मुंबईला. मुंबईच्या मोतीबाजारात निवडला, भोक पाडला, ओवला गेलेला मोती मग पॅरिसला. या व्यवहारात चलनही आपलंच होतं. बहरीनमध्ये १९६५ साली दिनार आला, तोपर्यंत इथे रुपया चालायचा. शेवटच्या काही वर्षांत रिझर्व्ह बँकेने आखातासाठी खास छापलेला.

जहाजाच्या प्रमुखाला इथे 'नाखुदा' म्हणतात. कोळीवाड्यातला नाखवा आणि हा नाखुदा एकाच फारसी शब्दाचे. पाणबुड्या नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून तळाशी जायचा, आणि वर दोर धरणारा त्याला ओढून घ्यायचा. मोठा मोसम उन्हाळ्यातले चार महिने. पाणबुडे नाखुद्याच्या कर्जात, नाखुदा व्यापाऱ्याच्या कर्जात. त्यामुळे वाटेवर दिसणाऱ्या घरांचा आकार बघत चला. व्यापाऱ्याचं सियादी कुटुंबाचं घर आणि पाणबुड्याची एका खोलीची जागा यांत किती फरक आहे ते कुठल्याही फलकावर वाचावं लागत नाही. १९३० च्या आसपास जपानचे संवर्धित मोती आणि जागतिक मंदी एकदम आली आणि हा धंदा बसला.

वाटेवर शेख इसा बिन अली या जुन्या राज्यकर्त्याचं घर चुकवू नका. भिंती प्रवाळाच्या दगडाच्या, छताला खजुराचं लाकूड, आणि वर बादगीर, म्हणजे वारा पकडून खाली सोडणारा मनोरा. त्याच्याखाली उभं राहा. पंखा नसताना गार लागतं. नव्या बांधकामांपैकी ख्रिश्चन केरेझ या वास्तुरचनाकाराचे वाहनतळ बघा. वळणावळणाच्या काँक्रीटच्या लाद्या एकमेकींत मिसळत वर जातात. मुहर्रकच्या पुनरुज्जीवनाला २०१९ साली आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला, तो का, हे चालताना कळतं.

वेळेचं गणित असं: अकराला संग्रहालयातून निघून बू माहिरकडून चालायला सुरुवात, दीडपर्यंत अर्धी वाट. मग जेवण आणि विश्रांती, कारण घरं-दुकानं तशीही बंद असतात. चारला पुन्हा उरलेली अर्धी, आणि शेवट कैसरिया बाजारात. तिथे हलव्याच्या दुकानात आधी चव देतात, मग विचारतात. शुवैतर हे त्यातलं जुनं नाव. हलवा केशर, वेलची, सुकामेवा घातलेला, चिकट, आपल्या माहीमच्या हलव्याशी काही नातं नसलेला. सोबत 'करक' चहा. तो शब्द म्हणजे आपलाच 'कडक'.

वायव्य आणि पश्चिम: किल्ला, टेकाडं, मडकी

हा दिवस शक्यतो हिवाळ्यातला शनिवार निवडा, कारण हिवाळी मोसमात बुदय्याच्या वनस्पती उद्यानात शनिवारी सकाळी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. साडेसातला तिथे. ताजी भाजी, मध, खजूर, आणि उभ्याउभ्या नाश्ता. घरच्यांना बहरीनमध्ये शेती होते यावर विश्वास बसत नाही. पूर्वी तर गोड्या पाण्याचे झरे इतके होते की 'बहरीन', म्हणजे दोन समुद्र, या नावाचा अर्थही काहीजण 'एक खारा, एक गोडा' असा लावतात. अधारी नावाच्या झऱ्यावरून इथे म्हण आहे: 'अधारी लांबच्यांना पाजते आणि जवळच्यांना तहानलेलं ठेवते.' आपला दिव्याखालचा अंधारच. आता बहुतेक झरे आटले आहेत.

बाजारातून परतीच्या वाटेवर बारबारची मंदिरं, एकावर एक बांधलेली तीन, आणि खाली उतरत जाणारी पायऱ्यांची विहीर. वीस मिनिटं पुरतात. तिथून कलात अल-बहरीन.

किल्ला म्हणून जाल तर निम्मंच बघाल. पोर्तुगीजांचा किल्ला फक्त वरचा थर आहे. १५२१ मध्ये ते इथे आले आणि १६०२ पर्यंत टिकले. ज्यांनी चौल-वसई बघितलंय त्यांना भिंतींची ठेवण ओळखीची वाटेल. त्याच्या पोटात सुमारे इ.स.पू. २३०० पासूनची वस्ती थरावर थर साचलेली आहे, आणि त्या साचण्यानेच बारा मीटर उंचीचं टेकाड झालंय. १९५४ पासून डॅनिश पथकाने इथे खणायला घेतलं. २००५ साली युनेस्कोच्या यादीत गेलेलं हे बहरीनमधलं पहिलं ठिकाण. शेजारच्या संग्रहालयात मध्यभागी जमिनीचा उभा छेदच मांडलाय. आधी ते बघा, मग बाहेर पडा. त्यातली माझी आवडती वस्तू म्हणजे फरशीखाली पुरलेले वाडगे: आत सापाचा सांगाडा आणि काहींत सोबत एक मोती किंवा मणी. नागाला दूध पाजणाऱ्या घरातून आलेल्या माझ्या आईने ते बघून नकळत हात जोडले.

किल्ल्यावर सावली नाही. उन्हाळ्यात सूर्यास्ताच्या तासभर आधी, हिवाळ्यात सकाळी. हे उलटं करू नका.

जेवणानंतर सार आणि आली. सारला दिलमुनकाळचं गाव उघडं पडलेलं आहे: गल्ल्या, घरं, चूल, देऊळ. आणि आलीमध्ये ती टेकाडं. इ.स.पू. २०५० ते १७५० या काळातली. २०१९ साली युनेस्कोने नोंदवली ती २१ ठिकाणची मिळून ११,७७४. आलीतली राजांची टेकाडं तर आजच्या घरांच्या मधोमध, दुमजली बंगल्याला खांदा लावून उभी आहेत. कपडे वाळत घातलेल्या गच्चीमागे चार हजार वर्षांची कबर. तिकीटखिडकी, उपाहारगृह असलं काही शोधत बसू नका, रस्त्याच्या कडेला गाडी लावून बघायची. पलीकडे कुंभारवाडा आहे. पूर्वी कुंभारांच्या भट्ट्या या टेकाडांतच खोदलेल्या असत. चाकावर बसून बघायला देतात, पण काही घ्या. छोटी धूपदाणी कुठल्याही बॅगेत मावते.

मुलं सोबत असतील तर सार सोडून जनाबियाच्या शाही उंटशाळेत जा. उंट शेकड्याने. वास येतो. मुलांना चालतो.

दक्षिण: तेल आणि शमी

शुक्रवारी सकाळी साडेसातला निघा. टाकी भरलेली, प्रत्येकी दोन बाटल्या पाणी, आणि डबा. पहिला थांबा रिफाचा किल्ला, १८१२ सालचा, खाली हुनैनिया दरी. तो उघडा नसला तरी बाहेरून दरीचा देखावा मिळतो.

मग अवाली, तेल कंपनीने आपल्या लोकांसाठी वसवलेलं गाव. डिसेंबर २०२१ मध्ये तिथे 'अवर लेडी ऑफ अरेबिया' हे मोठं कॅथीड्रल उघडलं आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस तिथे येऊन गेले. गोव्याचे किंवा वसईचे पाहुणे असतील तर हा थांबा त्यांच्यासाठी राखून ठेवा.

पुढे जबल दुखान, 'धुराचा डोंगर'. उंची १३४ मीटर. देशातला सगळ्यात उंच. पर्वतीवर रोज चढणारे पुणेकर इथे हसतात, हसू द्या. त्याच्या पायथ्याशी १९३२ साली तेल लागलं, आणि आखाताच्या अरबी बाजूला लागलेलं ते पहिलं. ती पहिली विहीर जपून ठेवली आहे, शेजारी तेलाचं संग्रहालय आहे. ते उघडं मिळालं तर नशीब म्हणायचं, विहिरीसाठी मात्र नक्की थांबा. मोत्यांचा धंदा बुडाला आणि तेल लागलं ते एकाच सुमारास. पहिल्या दिवशी मुहर्रक बघून आलेल्याला या लोखंडी तोटीसमोर उभं राहिल्यावर जे कळतं, ते उलट्या क्रमाने फिरलेल्याला कळत नाही. म्हणून दक्षिण नंतर.

तिथून काही किलोमीटरवर 'शजरत अल-हयात', जीवनाचं झाड. वय सुमारे ४०० वर्षं, उंची दहा मीटरच्या आतबाहेर. आजूबाजूला वाळू आणि तेलाच्या नळ्या. वरवर पाण्याचा मागमूस नाही, मुळं खूप खोल गेली असावीत. गाइड सगळं सांगतात, पण हे कोणी सांगत नाही: हे झाड म्हणजे शमी. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो, पांडवांनी जिच्यात शस्त्रं लपवली ती. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या गाडीत परत गेल्या, पर्समधून हळदकुंकवाची पुडी काढली, मग थोडा विचार करून परत ठेवली आणि नुसता नमस्कार केला. तेच योग्य. झाडावर कोरू नका, चढू नका, काही वाहू नका. आधीच्या पाहुण्यांनी बरंच कोरून ठेवलंय.

झाडाजवळ पाणी, सावलीची जागा, दुकान नाही असं धरून चला. शेवटचा टप्पा कच्चा आहे. मऊ वाळूत गाडी घालायचा मोह आवरा, चाक रुतलं की अर्धा दिवस गेला. बाबा जिथे उतरेनात ते हेच ठिकाण. ऑगस्टातले दुपारचे दोन. चूक सर्वस्वी माझी.

परतताना साखीर. २००४ साली मध्यपूर्वेतली पहिली फॉर्म्युला वन शर्यत इथे झाली. शर्यतीच्या आठवड्यात हॉटेलं महाग होतात आणि दक्षिणेचा रस्ता तुंबतो, त्या दिवसांत ही सहल नको. मुलांना शर्यतीपेक्षा जवळचं अल-अरीन अभयारण्य आवडेल: १९७६ पासूनचं, अरबी ओरिक्स हरणं दाखवणारं. हिवाळ्यात आसपास तंबूंची गावंच वसलेली दिसतात. इथल्या लोकांची हिवाळी हौस. चारच्या आत मनामा.

समुद्र

जारदा नावाचं एक वाळूचं बेट आहे, ओहोटीला वर येतं, भरतीला गुडूप. बोटवाले अमवाज, सित्रा भागातून नेतात. माझ्याशी ज्याने सौदा केला त्याने "केव्हाही चला" म्हटलं, आणि आम्ही पोचलो तेव्हा बेट अंगणाएवढं उरलं होतं. आम्ही चौदा जण आणि एक छत्री. तेव्हा बोट ठरवण्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक स्वतः बघा आणि पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी निघा. लाइफ जॅकेट डोकी मोजून घ्या. 'शमाल' म्हणजे वायव्येचा वारा सुटला असेल तर बोटवाला तयार असला तरी तुम्ही नाही म्हणा.

वेळ कमी असेल तर सित्राहून अल-दार बेट जवळ पडतं, नुसतं पाण्यात डुंबायला पुरेसं. स्कुबा डायव्हिंगचा परवाना असलेल्यांसाठी २०१९ साली सुमारे ७० मीटर लांबीचं बोइंग ७४७ विमान मुद्दाम बुडवून ठेवलंय.

हवार बेटं खरी सुंदर, कतारच्या किनाऱ्याला लागून. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००१ साली ती बहरीनची ठरवली. सोकोत्रा पाणकावळ्यांच्या प्रचंड वसाहती आणि उथळ पाण्यातले डुगाँग (समुद्रगायी) यांसाठी ती प्रसिद्ध आहेत. पण बोट आग्नेय किनाऱ्यावरून सुटते, ओळखपत्र लागतं, आणि बोटीच्या वेळा तुमच्या हातात नसतात. एका दिवसात जाऊन या म्हणणाऱ्यांना मी सांगते, एक रात्र राहायची तयारी असेल तरच.

सौदीचा पूल

किंग फहद कॉजवे, २५ किलोमीटर, १९८६ पासून. पलीकडे खोबर-दम्माम. हाताशी सौदीचा व्हिसा आणि गाडीचा तिथला विमा असेल, मंगळवार-बुधवार सारखा दिवस असेल तर जमतं. सीमेवरच्या रांगेत किती वेळ जाईल ते कोणीच सांगू शकत नाही. चार दिवसांच्या पाहुण्यांना मी कधीच नेत नाही.

डबा, कपडे, कॅमेरा

शाकाहारी मंडळींचं जेवण जुन्या मनामात, बाब अल-बहरीन या वेशीच्या मागच्या गल्ल्यांत. तिथेच दोनशे वर्षांहून जुनं श्रीनाथजींचं मंदिर आहे, सिंधमधून आलेल्या थट्टाई व्यापाऱ्यांनी उभं केलेलं, आणि भोवती थाळी, फरसाण, फुलांचे हार. बाकी दिशांना निघताना पोळीचे रोल, दही-बुत्ती असं काही जवळ ठेवा. मासे खाणाऱ्यांनी एकदा तरी हमूर मासा घातलेला 'मचबूस' भात घ्यावा.

कपडे खांदे आणि गुडघे झाकणारे. राजवाडे, पोलीस, लष्करी जागा, तेलशुद्धीकरण कारखाना यांचे फोटो काढू नका. जुफैरला अमेरिकी नौदलाचा तळ आहे, त्या बाजूला तर कॅमेरा पिशवीतच.

विमान बदलताना सात-आठ तास मिळाले तर

भारतीय पासपोर्टला विमानतळाबाहेर पडायला व्हिसा लागतो, तो ऑनलाइन आधीच काढून ठेवा. मग एकच करा: विमानतळ मुहर्रक बेटावरच आहे, तेव्हा मनामाकडे वळूच नका. टॅक्सीने थेट मोत्यांच्या मार्गावर उतरा, दोन तास चाला, बादगीराखाली उभे राहा, करक प्या. परत निघायला उड्डाणाच्या तीन तास आधी. हलवा घ्यावासा वाटेल. पण मोठी बॅग पुढच्या विमानात गेलेली असते आणि हा पातळसर, चिकट पदार्थ हातसामानाच्या तपासणीत अडवला जाऊ शकतो. तेव्हा छोटा डबा घ्या आणि तिथेच संपवा.